कावळ्याला कबूल केलेली कादंबरी

माझी बायको प्रयाग गेली हे मला कळलं तेव्हा मी खांबावर होतो. नरसीच्या पलीकडं, कयाधू नदीच्या अंगाला एका शेतात तार तुटली होती, ती जोडत होतो. खाली धर्मसिंग उभा होता. तो तांड्यावरचा, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं वीज बोर्डात बराबरच वायरमन म्हणून लागलो. तो खालून म्हणाला, "भाऊ, खाली या. चहा आलाय."

"राहू दे. एवढं झालं की येतो."

"न्हाई, गरम हाय तवर या."

त्या शेतात चहा कुठून येणार? जवळ घर नव्हतं, हॉटेल नव्हतं. आमच्या कामात एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. खांबावर चढलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. आधी त्याला खाली घ्यायचं, कमरेचा पट्टा सोडायला लावायचा, बसवायचं, मग सांगायचं. मी वरून पाहिलं तर बांधावर सबस्टेशनच्या ऑपरेटरची सायकल आडवी पडली होती आणि ऑपरेटर दुसरीकडं तोंड करून उभा होता. मला कळलं. मी तार पूर्ण जोडली, नट आवळले, परत एकदा तपासले आणि मग उतरलो. धर्मसिंगनं माझ्या हातातली पक्कड घेतली आणि म्हणाला, "नांदेडहून फोन आलता. सकाळी गेल्या वैनी."

एवढंच झालं. हे आधी सांगतो, कारण पुढं लोकांनी त्याचंही काहीतरी केलं. मी खांबावरून पडता पडता वाचलो, मी तिच्या नावानं हंबरडा फोडला, असं गावात सांगतात. मी हंबरडा फोडला नाही. नट आवळले.

ती कशी गेली तेही सांगतो. सांगायचा विचार नव्हता, पण कादंबरीत बाई कशी आजारी पडते ते वाचल्यापासून गप्प बसवत नाही. प्रयागचं लिव्हर खराब झालं. पोटात पाणी झालं. पोट इतकं फुगलं की तिला कुशीवर होता येईना, आणि हातपाय मात्र काड्यांसारखे. अंगाला वास यायचा, तोंडाला यायचा, तो साबणानं जात नव्हता. केसांच्या जटा झाल्या, उवा झाल्या, म्हणून नांदेडच्या दवाखान्यात वॉर्डातल्या बाईनं केस कापून टाकले. मी तिचं डोकं धरून बसलो होतो. तिला लाज वाटली. "मिनाला आणू नका इथं," म्हणाली. मिना आमची मुलगी, तेव्हा नववीत. शेवटी तिचा भाऊ शेषराव येऊन जवळ थांबला म्हणून मी ड्युटीवर परत आलो, आणि ती गेली.

जीपमधून आणलं तेव्हा गावातल्या बायांनी तोंडाला पदर लावला. रडण्यासाठी नाही, वासासाठी. मी त्यांना दोष देत नाही.

आता तिच्या वाचण्याबद्दल.

आमच्या घरी हळद-तिखटाची चक्की होती. चक्की प्रयागच चालवायची. गावातल्या बाया हळकुंडं आणि मिरच्या घेऊन यायच्या, चक्कीत टाकून ओट्यावर बसायच्या, आणि ही एका हातानं हळद चाळायची, दुसऱ्या हातात कादंबरी. कादंबरीशिवाय ती मी कधी पाहिली नाही. नरसीत नामदेव महाराजांच्या देवळाकडं जाताना संतरामचं दुकान आहे. पुढं नारळ, फुटाणे, बत्तासे, आणि मागच्या भिंतीला दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा कादंबऱ्या लटकवलेल्या. तो त्या भाड्यानं द्यायचा. पुट्ठे फाटलेले, पानं तेलकट. सगळ्या एकाच जातीच्या. एक देखणा माणूस, एक देखणी बाई, मध्ये कोणीतरी आडवं येतं.

प्रयागला एकाही कादंबरीचं नाव सांगता यायचं नाही. लिहिणाऱ्याचं तर नाहीच. ती म्हणायची धुक्यातल्या बंगल्याची, दोन बहिणींची, आगबोटीवरची. या तीन तिच्या आवडीच्या. परत परत आणायची. आगबोट तिनं जन्मात पाहिली नव्हती. सिद्धेश्वरच्या धरणावर भोयांच्या डोंग्या पाहिल्या होत्या तेवढ्याच. मी एकदा तसं म्हणालो तर म्हणाली, "मंग डोंगीतच बसवते त्यायला. तुमाला काय तकलीफ हाय?"

त्या धुक्यातल्या बंगल्याची एकदा तिनं मला वाचून दाखवली होती. वादळ येतं, बंगल्यातले दिवे जातात. तो माणूस नखशिखांत भिजलेला. तसाच जाऊन फ्यूज बसवतो. ती कंदील धरून उभी. दोघांची नजर एक होते आणि फ्यूज बसायच्या आधीच प्रेम बसतं.

"भिजल्या हातानं?" मी विचारलं.

"व्हय."

"मेला तो."

"मेला असता तर पुढची पानं काहून छापली असती?"

"मंग लिहिणाऱ्याला फ्यूज म्हणजे काय ते माहीत न्हाई."

"तुमाला तर माहीत हाय ना? मंग मला कवा बोलावलं न्हाई कंदील धरायला?"

चक्कीवर बसलेल्या बाया हसल्या. मी सायकल घेऊन ड्युटीवर गेलो. त्या कादंबऱ्यांचा मला तेव्हाही उबग होता. त्यातला कोणताच माणूस कामाला जात नाही. डॉक्टर असला तर पेशंट नाही, वकील असला तर कोर्ट नाही. नुसते खिडकीत उभे. पण उबग होता तो माझा मला. तिचं वाचणं मी कधी बंद केलं नाही आणि तिनंही मला कधी वाच म्हटलं नाही.

दहाव्याला आम्ही कयाधूवर गेलो. हिंगोली जिल्हा नवाच झाला होता, रस्त्याचं काम निघालं होतं, सगळीकडं धूळ. गोपाळ गुरुजींनी विधी केला. भाताचे पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागं सरून बसलो. मी, मिना, शेषराव, शेजारच्या गंगूताई आणि भावकीतली माणसं. कावळे होते. पलीकडं बाभळीवर बसलेले. पण खाली येईनात.

ऊन चढलं. शेषराव उठला, पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "बाई, मिनाची काळजी करू नको. तिला बराबर शिकवू. चांगल्या घरी देऊ."

कावळे बसून राहिले.

शेषराव माझ्या कानाशी आला. "दाजी, म्हणा की दुसरं लग्न करत न्हाई."

"करायचंच न्हाई मला."

"करायचं न्हाई ते ठीक हाय. तिला सांगा ना."

मी उठलो, सांगितलं. एकही कावळा हलला नाही. भावकीतला एकजण मागून हळूच म्हणाला, "तिला त्याची फिकीर दिसत न्हाई." दोघं-तिघं खाकरले. हसू दाबायला माणूस खाकरतो तसे.

गोपाळ गुरुजी म्हणाले, "उशीर होऊन राहिला. दर्भाचा कावळा करतो आणि शिवतो. शास्त्रात आहे तसं."

शेषराव चिडला. "माझ्या बहिणीला गवताचा कावळा न्हाई चालत, गुरुजी. तुमाला घाई असंल तर जा."

तेव्हा गंगूताई बोलल्या. म्हाताऱ्या बाई, देवळाच्या बाजूला राहतात, चक्कीवर रोज यायच्या. "मी नांदेडला भेटायला गेले होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा तिच्या उशीखाली पुस्तक होतं. खराट्याची काडी घातलेली. चहाच्या मळ्याची गोष्ट. मला सांगत होती. थोडीच राहिली होती. ती राहिली बघा तिची."

मला शिसारी आली. केस कापलेली, पोट फुगलेली बाई दहा दिवसांपूर्वी जाळली, आणि इथं नदीवर माणसं म्हणतात तिचा जीव चहाच्या मळ्यात अडकला. पोरीत नाही, नवऱ्यात नाही, भावात नाही. मी म्हणालो, "गंगूताई, हे काय बोलणं झालं?"

"बोलून तर बघा. तोंडाला काय भाडं पडतंय?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. मिनाही. ती म्हणाली, "अण्णा, म्हणा ना."

मी पिंडासमोर उभा राहिलो. असलं वाक्य त्या नदीवर कोणी बोललं नसेल. म्हणालो, "तुझी कादंबरी मी पुरी वाचून काढीन."

एक कावळा खाली आला आणि त्यानं भातात चोच घातली. मग दुसरा आला. बायांनी हात जोडले, शेषराव रडायला लागला. मी पाहिलं ते एवढंच की पिंडाच्या पलीकडं खडकाच्या सावलीत एक कुत्रं बसलेलं होतं आणि मी उभा राहिलो तेव्हा ते उठून निघून गेलं होतं. मी ते बोललो नाही. मिनाच्या तोंडाकडं पाहून बोललो नाही.

निघताना गोपाळ गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "तातेराव, काडी जिथं आहे तिथून पुढं वाचू नका. पोथीचं पारायण मधून सुरू करत नाहीत. पहिल्यापासून वाचा. मोठ्यानं. हातपाय धुऊन, तिच्या फोटोपुढं दिवा लावून. आणि समाप्ती झाली की प्रसाद वाटा."

"गुरुजी, ती पोथी न्हाई. असल्या गोष्टीत बाई पळून जाते."

"असू द्या. तुम्ही पिंडापुढं शब्द दिलाय. तो पोथीसारखाच पाळा."

असं करून चहाच्या मळ्याची कादंबरी माझ्या घरी पोथी झाली. दवाखान्यातून आलेल्या तिच्या पिशवीत ती होतीच, काडीसकट.

जेवणं झाली की आमच्या घरी चक्कीच्या खोलीत बाया जमायच्या. सप्ताहाला याव्यात तशा, डोक्यावर पदर घेऊन. गंगूताई वाती घेऊन यायच्या. त्या दिवसांत लोडशेडिंग होतं. लाईनवर काम करणारा मी, आणि वाचायचो रॉकेलच्या दिव्यावर. मी मोठ्यानं वाचायला लागलो. मला एकाच तऱ्हेनं वाचता येतं.

गंगूताई म्हणाल्या, "तातेराव, कोणाचं बिल वाचून राहिले तुम्ही? जरा जिवानं वाचा."

"तुमी वाचता का?"

"मला बारीक अक्षर दिसत असतं तर तुमच्या तोंडून ऐकलं असतं का?"

गोष्ट अशी होती. एका डोंगरावर चहाचा मळा. मळ्याचा मालक तरुण, उंच, कायम दुःखात. त्याला दुःख कशाचं ते अर्धी कादंबरी कळत नाही. गावातल्या शाळेत एक बाई मास्तरीण म्हणून येते. तिचे केस लांब. लेखक दर दोन पानांना केसांकडं जातो. मळ्यात शेकडो मजूर बाया पानं खुडतात, पण त्यांतल्या एकीचंही नाव नाही. त्यांच्या बोटांना काय होतं ते नाही. प्रयागची बोटं हळदीनं कायमची पिवळी होती, नखाखाली तिखट जाऊन जाऊन कातडं सोललेलं. रात्री गोडंतेल लावून झोपायची. चहा खुडणाऱ्या बाईच्या बोटांना काहीतरी होतच असणार. लिहिणाऱ्यानं विचारलं नाही. त्याला मास्तरणीचे केस पुरले.

मग ते दोघं पावसात एका कोठारात अडकतात. त्या पानांवर मला घाम आला. समोर बाया, शेजारी मिना, वर प्रयागचा फोटो, पुढं दिवा. मी थांबलो. म्हणालो, "हे पान सोडतो."

"पोथीतलं पान सोडत न्हाईत," एक बाई म्हणाली.

"मिना, आत जा."

"अण्णा, असलं मी वाचलंय," मिना म्हणाली. "आईनं वाचलं की मी वाचायची."

बाया पदराआड हसल्या. मी ते पान वाचलं. तोंडात माती घेतल्यासारखं वाचलं. त्यात ओठ होते, श्वास होते, आणि 'जणू' हा शब्द इतक्यांदा होता की मला तो शब्दच नको झाला. तो माणूस तिला म्हणतो, तुझ्याशिवाय मी जगू शकणार नाही. प्रत्येक कादंबरीत हे म्हणतात म्हणे. मी तेव्हा दिव्यावर काजळी धरली म्हणून वात खाली केली. जगता येतं. सकाळी उठावं लागतं, पोरीची शाळेची वेळ होते, डबा करावा लागतो. चक्की बंद ठेवली तर बाया दुसरीकडं जातात म्हणून तीही चालवावी लागते. हे कोणी लिहीत नाही, कारण हे कोणी भाड्यानं नेणार नाही.

गावात ही गोष्ट पसरली. हिंगोलीच्या बाजारात मला अनोळखी माणूस म्हणाला, "तुमीच का ते कावळ्याला कादंबरी कबूल केलेले? काय प्रेम असंल हो." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी मिरचीचं पोतं उचललं आणि निघालो. प्रेम असेल. ते या माणसानं चघळायला नव्हतं.

असं करत मी खराट्याच्या काडीपाशी आलो.

काडीच्या आधीच्या प्रकरणात मास्तरीण आजारी पडते. ताप. कसला ते सांगितलेलं नाही. ती पांढऱ्या चादरीवर पडलेली आहे, चेहरा फिकट झाल्यामुळं आणखीच सुंदर दिसतो, आणि केस उशीवर पसरलेत. मालक तिचा हात हातात घेऊन बसतो. खोलीत मोगऱ्याचा वास आहे.

मी पुस्तक मिटलं. बायांना म्हणालो, "आज बस झालं."

"अजून तर दिव्यात तेल आहे," गंगूताई म्हणाल्या.

"तेल असू द्या."

मोगरा. मी उलटीचं भांडं धुऊन आणलं की प्रयाग विचारायची, वास गेला का. मी म्हणायचो, गेला. ज्यानं हे लिहिलं त्यानं आजारी माणसाजवळ एक दिवस काढला नसेल, आणि काढला असेल तर हे लिहायची त्याला किळस यायला पाहिजे होती. आणि प्रयागनं हे कुठं वाचलं? त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर, ते केस कापलेलं डोकं भिंतीला टेकवून. तिनं हे मोगऱ्याचं पान वाचलं आणि पुढं काडी घातली.

पुढं एकच प्रकरण होतं. समाप्तीचं.

दुसऱ्या दिवशी मी संतरामकडं बत्तासे सांगायला गेलो. प्रसादाला लागणार होते. संतराम म्हणाला, "झाली का हो वाचून?"

"एक प्रकरण राहिलं. तिचंही तेच राहिलं होतं."

संतराम नारळ सोलत होता. तो थांबला. "तातेराव भाऊ, वैनीचं कोणतं प्रकरण राहिलं?"

"शेवटचं. म्हणून तर कावळा शिवत नव्हता."

"शेवटचं तर त्या वाचतच न्हवत्या."

"म्हणजे?"

"कोणत्याच पुस्तकाचं न्हाई वाचलं. पुस्तक वापस आणायच्या आणि मला इचारायच्या, संतराम, दोघं जगली का? मी म्हणायचो, जगली वैनी. मंग दुसरं न्यायच्या."

"तुला कसं माहीत की जगली?"

"मला कुठं माहीत? मी एक बी वाचलं न्हाई. मी नारळ इकतो." तो पुन्हा नारळ सोलायला लागला. "पहिल्यांदा इचारलं तवा तोंडातून निघून गेलं. मंग दरवेळेला तेच म्हणत गेलो. बाईमाणूस खूश व्हायचं. माझं काय जाते?"

मी मागच्या भिंतीकडं गेलो. दोरीवरून धुक्यातल्या बंगल्याची काढली. पानांच्या कोपऱ्यांवर प्रयागच्या अंगठ्याचे पिवळे डाग होते, हळदीचे. पान पानावर. शेवटचं प्रकरण आलं आणि डाग थांबले. तिथून पुढची पानं पांढरी. दोन बहिणींची काढली, तसंच. आगबोटीवरची तिनं किती वेळा नेली असेल, पानं मऊ पडलेली, कडेनं पिवळी धमक, आणि शेवटच्या पानांवर एकही डाग नाही.

मी तिथंच खोक्यावर बसलो. संतरामनं पाणी दिलं.

म्हणजे तिचं काही राहिलंच नव्हतं. तिनं काडी मुद्दाम घातली होती. तिची वाचायची तऱ्हाच ती. आम्ही नदीवर बसून तिचं जे राहिलं असं ठरवलं, ते तिनं आपल्या हातानं सोडलेलं होतं. आणि कावळा? कावळा भाताला आला. कुत्रं उठलं म्हणून आला.

"एक मात्र हाय," संतराम म्हणाला. "ह्या बारीला त्यायनी इचारलं न्हाई. पुस्तक वापसच आलं न्हाई ना."

"काय इचारलं न्हाई?"

"दोघं जगली का म्हणून."

मी बत्तासे न घेता घरी आलो.

गंगूताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय झालं? शब्द दिलाय तो दिलाय. वाचा आणि मोकळे व्हा. मी शिरा करते."

"आणि त्यात ती मेली तर?"

"कादंबरीतली बाई मेली तर तुमचं काय जातंय? तुम्हाला तर चीड आहे त्या बाईची."

चीड आहेच. अजून आहे. तिच्या केसांची आहे, तिच्या मोगऱ्याची आहे. पण मी वाचलं आणि ती मेली, तर मला फोटोपुढं मोठ्यानं तेच वाचावं लागेल. प्रयागनं इतकी वर्षं ज्या पानांना बोट लावलं नाही ती पानं मी तिला ऐकवायची, आणि तीही गुरुजींच्या सांगण्यावरून, वर शिरा वाटून. आणि ती जगली, तर मला आणखी किळस येईल. तशा तापातून उठून, केस विंचरून, चहाच्या मळ्यात लग्न करणारी बाई मला माझ्या घरात नको आहे.

संतराम एकदा चक्कीवर आला, मिरच्या घेऊन. मिरच्या त्याच्या घरच्या नव्हत्या, बोलायला म्हणून आणल्या होत्या. म्हणाला, "तातेराव भाऊ, मी काय म्हणतो, वाचू नका. फोटोपुढं नुसतं म्हणा, जगली. मी नेहमी म्हणायचो तसं. वैनीला तेवढंच लागत होतं."

"तू खोटं बोलत होता, संतराम."

"मी खोटं कुठं बोललो? मला माहीत नव्हतं."

मी त्याच्या मिरच्या दळून दिल्या. त्याचं बरोबर होतं. त्याला माहीत नव्हतं म्हणून त्याला म्हणता आलं. मी शेवटच्या प्रकरणाच्या दारापर्यंत गेलोय, मला म्हणता येत नाही. वॉर्डात ती विचारायची, बरी होईन ना. तेव्हाही मला म्हणता आलं नव्हतं. मी म्हणायचो, डॉक्टर बघतील. वास गेला का, यावर गेला म्हणालो, तेवढं एकच खोटं तिच्याशी बोललो, आणि तेही तिनं ओळखलं होतं.

वर्षश्राद्धाला शेषराव आला. जेवायच्या आधीच म्हणाला, "दाजी, झाली का समाप्ती?"

"न्हाई."

"वर्ष झालं. माझी बहीण लटकून राहिली का मंग?"

"तुझी बहीण कुठं लटकलेली न्हाई. तिनं काही मागितलं नव्हतं. आपणच ठरवलं."

"कावळा शिवला त्याचं काय?"

मी कुत्र्याचं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. शेषराव म्हणाला, "तुमी कुत्र्याकडं बघत होते? माझ्या बहिणीच्या दहाव्याला?" तो जेवला नाही. गोपाळ गुरुजी म्हणाले की अर्धवट पारायणाचा दोष लागतो. मी म्हणालो लागू द्या.

मिना आता बारावीत आहे. परवा तिनं विचारलं, "अण्णा, मी वाचू का शेवटचं? मनातल्या मनात. तुमाला सांगणार न्हाई."

"तुझ्या तोंडावर दिसंल मला."

"मंग तुमी माझ्याकडं बघू नका."

"न्हाई."

तिनं दप्तर भरायला घेतलं. भरता भरता म्हणाली, "आईनं तुमाला इचारलं असतं ना, जगली का म्हणून, तर तुमी काय सांगितलं असतं?"

मी म्हणालो, "डब्याला उशीर होऊन राहिला."

पुस्तक मी माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं आहे, पट्ट्याच्या खाली, कारण ती पेटी घरात दुसरं कोणी उघडत नाही. खराट्याची काडी तिनं घातली होती तिथंच आहे. संतराम पुस्तक मागत नाही. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं आहे, आणि दोघं जगली का ते प्रयागला सांगायचं राहिलं आहे.